रापणीची वही आणि चार उत्तरे : व्हिज्युअल नॉव्हेल लिहू पाहणाऱ्यांसाठी

व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये पडद्यावर मागे एक चित्र असते, पुढे बोलणाऱ्या पात्राची आकृती, खाली संवादाची चौकट, आणि अधूनमधून वाचकापुढे दोन-चार पर्याय येतात, ज्यांतला एक निवडल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. हा प्रकार जपानमध्ये घडला आणि तिथेच फोफावला. आता मात्र तो लिहायला एक साधा संगणक, काही मोफत साधने आणि भरपूर चिकाटी एवढेच भांडवल पुरते. मी मालवणात राहून गेली काही वर्षे हे लेखन करते आहे. ज्यांना कथा लिहिता येते, पण फाटे फुटणारे संवाद कधी लिहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. संगणकाचा भाग मी शेवटाकडे ठेवला आहे, कारण नवोदितांची बहुतेक कामे साधनामुळे अडत नाहीत. ती पात्रांपाशी अडतात.

आमच्याकडचा दशावतार पाहिलेल्यांना या लेखनाची अर्धी कल्पना आधीच असते. दशावतारात बहुधा लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते, पात्रवाटप होते, आणि मग रात्रभर चालणारे संवाद नट जागच्या जागी रचतात. समोरच्या नटाने अनपेक्षित प्रश्न टाकला तरी राजा राजासारखेच उत्तर देतो आणि कपटी मंत्री मंत्र्यासारखेच, कारण नटाने वाक्ये नव्हे, पात्र पाठ केलेले असते. फाटे फुटणाऱ्या संवादाच्या लेखकाला हीच तयारी लागते. फरक इतकाच, की त्याला समोरून येऊ शकणारे सगळे प्रश्न आधीच ओळखून त्यांची उत्तरे लिहून ठेवावी लागतात.

आधी माणसे

पुढच्या सगळ्या विवेचनासाठी एकच उदाहरण वापरू. मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावातला रापण संघ आहे. रापण म्हणजे होडीने समुद्रात नेऊन सोडलेले आणि दोन्ही टोकांच्या दोरांनी किनाऱ्यावरून ओढून आणलेले लांबलचक जाळे. ते अनेक हातांनी ओढले जाते आणि मिळालेल्या मासळीच्या पैशांचे वाटे होतात. संघाचे जुने कर्ते म्हणजे आबा. त्यांचा मुलगा बाबल लिलावाला उभा राहतो. आबांची नात नंदा, वय २४, वाट्यांची वही सांभाळते आणि वाचक तिच्याच डोळ्यांनी कथा पाहतो. शेवंताकाकी ही रापणीतल्या एका दिवंगत माणसाची बायको. काळ पावसाळ्याचा आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते, खवळलेल्या दर्यात रापणही टाकता येत नाही, आणि समुद्र बंद झाला की जुन्या वह्या उघडतात. नंदाला वहीत एका दिवसाचा भाव खोटा लिहिलेला आढळतो. तो बाबलकाकांनी लिहिलेला आहे.

पात्राची टिपणे करताना उंची, वर्ण, आवडता रंग असल्या याद्या नवे लेखक फार मन लावून करतात. त्यांचा उपयोग चित्रकाराला होतो, संवाद लिहिताना होत नाही. मी प्रत्येक पात्रासाठी एका पानावर चारच गोष्टी लिहिते: त्याला या कथेत काय हवे आहे, तो काय लपवतो आहे, तो कोणाशी कसा बोलतो, आणि कोणते वाक्य तो मरेपर्यंत उच्चारणार नाही. चौथी गोष्ट सर्वांत जास्त कामाची आहे. आबा ‘माझे चुकले’ असे कधीही म्हणणार नाहीत. चूक उमगली तर ते समोरच्याला मासा वाढायला सांगतील. हे एकदा ठरले की कोणत्याही फाट्यावर, कोणत्याही शेवटात, आबांच्या तोंडी माफी घालण्याचा मोह झाला तर पान पाहावे आणि तिथे मासा वाढावा.

दुसरी गोष्ट, म्हणजे लपवलेले सत्य, लेखकाला पहिल्या ओळीपासून माहीत असले पाहिजे आणि ते सर्व फाट्यांवर सारखेच असले पाहिजे. माझ्या उदाहरणात बाबलकाकांनी भावातला फरक स्वतःसाठी ठेवलेला नाही. शेवंताकाकीच्या मुलाची कॉलेजची फी त्यांनी गुपचूप भरली आहे, आणि तिला संघाकडे हात पसरावा लागू नये म्हणून ते चोर ठरायलाही तयार आहेत. वाचकाने कोणताही मार्ग घेतला तरी सत्य हेच राहते. ते कधी कळते, कोणाकडून कळते आणि कळेपर्यंत नंदाने काय बोलून ठेवलेले असते, एवढेच बदलते. वाचकाच्या निवडीप्रमाणे गुन्हेगार बदलणाऱ्या कथा मी वाचलेल्या आहेत. दुसऱ्या वाचनात त्यांतल्या कोणत्याच पात्रावर विश्वास बसत नाही.

मग मोजमाप

माझ्या पहिल्या प्रयत्नात मी प्रत्येक पर्यायाला वेगळी कथा दिली होती. ते हस्तलिखित चौथ्या निवडीच्या पुढे गेले नाही, आणि का गेले नाही हे कागदावर हिशेब मांडल्यावरच मला समजले. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय आणि अशी पाच ठिकाणे धरली, तर प्रसंगांची संख्या १ + २ + ४ + ८ + १६ + ३२ म्हणजे ६३ होते. प्रसंग ३०० शब्दांचा धरला तर लेखकाने १८,९०० शब्द लिहायचे आणि वाचकाने एका वाचनात त्यांतले १,८०० वाचायचे. निवडीची ठिकाणे दहा केली तर शेवट १,०२४ होतात आणि प्रसंग २,०४७. हे कोणा एकट्या माणसाचे काम नव्हे.

उपाय खाडीत दिसतो. खाडीतल्या जुव्याभोवती, म्हणजे बेटाभोवती, पाणी दोन्ही अंगांनी जाते आणि जुवा संपला की पुन्हा एक होते. पण एका अंगाने आलेले पाणी गाळ घेऊन येते आणि दुसऱ्या अंगाचे निवळ असते. कथेचे मुख्य प्रसंग सामायिक ठेवावेत, निवडीनंतर छोटासा वेगळा तुकडा लिहावा आणि मग दोन्ही वाटा पुढच्या सामायिक प्रसंगात आणून सोडाव्यात. वरच्याच आकड्यांत सांगायचे तर सहा सामायिक प्रसंगांचे १,८०० शब्द, अधिक पाच ठिकाणच्या दोन-दोन उत्तरांचे ८० शब्दांचे तुकडे म्हणजे ८००, असे एकूण २,६०० शब्द होतात आणि वाचक त्यांतले २,२०० वाचतो. अशा कथांचे लेखक सॅम काबो ॲशवेल यांनी २०१५ मध्ये पर्यायाधारित कथांच्या रचनांचे जे वर्गीकरण केले, त्यात या रचनेला ‘ब्रँच अँड बॉटलनेक’ असे नाव आहे, आणि सतत फुटतच जाणाऱ्या माझ्या पहिल्या प्रयत्नासारख्या रचनेला ‘टाइम केव्ह’.

वाटा पुन्हा एकत्र येणार असतील तर निवडीला अर्थ काय, असा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. उत्तर गाळात आहे, आणि त्याकडे आपण स्मरणाच्या भागात येऊच. शेवट मात्र खरोखर वेगळे असावेत. पहिल्या कामासाठी तीन पुरेत.

निवड कशाची द्यावी

आमच्याकडे देवाला कौल लावतात. प्रश्न घालायचा, मूर्तीला लावलेला कळा, म्हणजे फूल किंवा पान, उजवीकडून पडला तर उजवा कौल, डावीकडून पडला तर डावा. नवोदितांचे पुष्कळ पर्याय अशा कौलासारखे असतात: डावीकडच्या वाटेने जायचे की उजवीकडच्या, पेटी उघडायची की नाही. वाचकाला उत्तराचा अंदाज घ्यायला कसलाच आधार नसतो, म्हणून तो निवड करत नाही, केवळ कळा पडण्याची वाट पाहतो. पर्याय वाचताना वाचकाला प्रत्येकाची किंमत थोडीतरी जाणवली पाहिजे, आणि पात्रप्रधान कथेत ती किंमत बहुतेक वेळा एखाद्या नात्याला मोजावी लागते.

आता एक प्रसंग जवळून पाहू. संध्याकाळची वेळ आहे, पाऊस कौलांवर वाजतो आहे, आबा पडवीत बसले आहेत, नंदा वही मिटते आणि आबा विचारतात, ‘वही जुळली काय गो?’ माझ्या पहिल्या खर्ड्यात इथे दोन पर्याय होते: खरे सांगणे आणि खोटे बोलणे. ते वाचकाच्या नैतिकतेची परीक्षा घेत होते आणि नंदा त्यांत कुठेच नव्हती. दुसऱ्या खर्ड्यात पर्याय असे झाले:

‘जुळली, आबा.’
‘एका दिवसाचो भाव माका बरोबर वाटणा नाय.’
‘बाबलकाकांका इचारा.’
काही न बोलता चहा आणायला उठणे.

या चारही उत्तरांतून नंदाची चार वेगळी रूपे दिसतात. पहिलीत ती काकांना झाकते, म्हणजे आबांशी खोटे बोलते. दुसरीत ती वहीशी प्रामाणिक राहते, पण नाव घेत नाही. ज्याला ओळखायचे तो ओळखेल. तिसरीत ती स्वतःचे अंग काढून घेते आणि नाव मात्र उच्चारून टाकते, म्हणजे दिसायला सर्वांत सौम्य असलेले हे उत्तर खरे तर सर्वांत जहाल आहे. चौथे मौनाचे आहे. मौनाचा पर्याय द्यायला नवे लेखक विसरतात. आपल्या घरांतून मोठ्या माणसांच्या प्रश्नाला दिलेली निम्मी उत्तरे या जातीची असतात, तेव्हा ते विसरून चालणार नाही.

पुढचा तुकडा प्रत्येक पर्यायाला दोन-तीन ओळींचाच आहे. ‘जुळली’ म्हटल्यावर आबा म्हणतात, ‘मगे तोंड असां कित्याक केलंस?’ आणि विषय सोडून देतात. भाव बरोबर वाटत नाही म्हटल्यावर ते बराच वेळ पावसाकडे पाहतात आणि दिवस कोणता एवढेच विचारतात. काकांचे नाव घेतल्यावर ते ‘बाबल्याक मी वळाखतंय’ असे म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हटले की कडवटपणे हे नंदाला कळत नाही. चहा आणला तर ते पेला हातात घेतात, वही स्वतःकडे ओढतात आणि चष्मा शोधू लागतात. यानंतर चारही वाटा रात्रीच्या जेवणाच्या प्रसंगात एक होतात, जिथे बाबलकाका भिजून घरी येतात.

पर्यायाचा मजकूर लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. जे वाक्य पर्यायात दिसते तेच, किंवा त्याच अर्थाचे, पात्राने बोलावे. वाचकाने ‘काकांना विचारा’ निवडले आणि नंदाने काकांना शिवी घातली, तर वाचकाचा हात पुढच्या वेळी आखडतो. दुसरे, पर्याय फोनच्या पडद्यावर एका ओळीत, फार तर दोन ओळींत बसावेत. आपले बहुतेक वाचक फोनवरच वाचणार आहेत.

कथेने काय लक्षात ठेवावे

वाटा एकत्र आल्या तरी निवड वाया जात नाही, कारण कथा ती लक्षात ठेवते. हे स्मरण व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या नोंदीत, साठवतात. नोंदी दोन प्रकारच्या असतात: ‘आबांना संशय आला’ यासारखी हो किंवा नाही एवढेच सांगणारी, आणि ‘आबांचा विश्वास : ७’ यासारखी आकडा धरणारी. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या कामात आकडे वापरू नयेत. आकडा आला की लेखक प्रत्येक संवादाला गुण देऊ लागतो, वाचकाला त्याचा वास लागतो, आणि मग तो नंदा काय म्हणेल याचा विचार सोडून आबांना खूश करणारे उत्तर शोधू लागतो. हो किंवा नाही अशा सहा-सात नोंदी तीन शेवटांच्या कथेला पुरतात.

प्रत्येक नोंदीसाठी वहीत एक ओळ आखावी: नोंदीचे नाव, ती कोणत्या प्रसंगात बसते, आणि पुढे कुठेकुठे वाचली जाते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद काढून टाकावी, किंवा तिच्यासाठी एखादी जागा लिहावी. माझ्या एका हस्तलिखितात अशा अकरा नोंदी निघाल्या, ज्या कथेने निष्ठेने लक्षात ठेवल्या होत्या आणि कधीही उच्चारल्या नव्हत्या.

निवडीचे पडसाद तीन अंतरांवर यावेत. पहिला लगेच, अर्ध्या ओळीचा, वाचकाला ऐकू गेल्याची पावती म्हणून. दुसरा थोडा पुढे, सामायिक प्रसंगातल्या एका बदललेल्या वाक्यात: जेवताना बाबलकाका भिजलेले येतात, तेव्हा नंदाने आधी त्यांचे नाव घेतले असेल तर आबा त्यांच्याकडे न पाहता ‘जेव’ म्हणतात; घेतले नसेल तर टॉवेल पुढे करतात. प्रसंग तोच, वाढलेले ताट तेच, पण वाचकाला गाळ दिसतो. तिसरा पडसाद खूप पुढे, जिथे वाचक ती निवड जवळजवळ विसरलेला असतो: नारळी पौर्णिमेनंतर रापणीच्या बैठकीत बाबलकाकांवर उघड आरोप होतो आणि त्या क्षणी आबा नंदाकडे वळून विचारतात, ‘तुका म्हायत होता?’ पहिल्या संध्याकाळी तिने जे उत्तर दिले, त्यावर इथे तिच्यापुढे कोणते पर्याय उघडे राहतात हे ठरते. ‘जुळली’ म्हणणाऱ्या नंदाला आता खरे बोलायचे तर आधी स्वतःचे खोटे कबूल करावे लागते, म्हणून तिचा पर्याय वेगळा लिहावा लागतो. एखादा पर्याय बंद करण्यापेक्षा तो महाग करणे मला नेहमीच अधिक फलदायी वाटले आहे.

मराठीत लिहिताना

इंग्रजीतली मार्गदर्शने वाचून सुरुवात केलेल्यांना इथे ठेच लागते, कारण आपल्या भाषेच्या अडचणी आणि सोयी दोन्ही निराळ्या आहेत.

पहिली अडचण लिंगाची. ‘आय ॲम गोइंग’ म्हणणारा कोण हे इंग्रजीत कळत नाही. मराठीत ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’ यांत ते लगेच उघड होते. वाचकाला नायक किंवा नायिका होण्याची मुभा द्यायची असेल, तर प्रत्येक पर्यायाची दोन रूपे लिहावी लागतात, किंवा वाक्यरचना जपून करावी लागते. प्रथमपुरुषी भविष्यकाळ लिंग दाखवत नाही: ‘मी सांगेन’, ‘मी येईन’. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, म्हणून ‘मी वही पाहिली’ हे कोणीही म्हणू शकते. ‘मला वाटते’, ‘मला ठाऊक नाही’ या रचनाही सुरक्षित आहेत. ‘मी आले’, ‘मी बघतो’ अशी रूपे तेवढी टाळायची. तरीही नवोदिताला माझा सल्ला असा, की मुख्य पात्र कोण हे पक्के ठरवावे. नंदाच्या जागी नंदन असता तर त्याच्या हाती वही आली नसती, लिलाव आला असता, आणि कथाच निराळी झाली असती.

सोय मात्र फार मोठी आहे. नाते कुठे उभे आहे हे सांगायला मराठीला आकड्यांची गरज नाही. संबोधन ते काम करते. आबा नंदाला एरवी ‘गो बाय’ म्हणतात. विश्वासाला तडा गेल्यानंतर ते तिला नुसते ‘नंदा’ म्हणू लागतात, आणि वाचकाला हे कुठेही समजावून सांगावे लागत नाही. शेवंताकाकीशी बोलताना बाबलकाका ‘वयनी’ म्हणतात की नावाने हाक मारतात, एखादे पात्र ‘तू’वरून ‘तुम्ही’वर कधी सरकते, हे सगळे नोंदीवर बेतून बदलता येते. एका शब्दाचा बदल असल्यामुळे लेखनाचे ओझेही वाढत नाही. प्रत्येक जोडीसाठी संबोधनांचा छोटा तक्ता करावा; चार पात्रे असतील तर बारा चौकटी होतात, कारण आबा नंदाला काय म्हणतात आणि नंदा आबांना काय म्हणते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बोलीबाबत संयम ठेवावा. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत असा माझा परिपाठ आहे, पण सर्व पात्रे सर्व वेळ एकच मालवणी बोलत नाहीत. नंदा आबांशी मालवणी बोलते, बँकेत प्रमाण मराठी. बाबलकाका खोटे बोलताना नकळत प्रमाण मराठीवर येतात. ही खूण मी कुठेच उघड केलेली नाही, तरी गावातल्या वाचकांना ती दुसऱ्या वाचनात सापडते. शब्दांची लेखनपद्धती एकच राहावी म्हणून ‘कित्याक’, ‘खंय’, ‘माका’, ‘हयसर’ अशा शब्दांची यादी पहिल्या दिवसापासून करत जावी, नाहीतर एकच माणूस तीन गावांची बोली बोलू लागतो. ठाणे-पुण्याच्या वाचकाला अडेल असा शब्द आला तर त्याचा अर्थ पुढच्या माणसाच्या उत्तरातून कळू द्यावा. तळटीप देऊ नये.

साधने

पहिला आराखडा कागदावरच करावा. प्रत्येक प्रसंगाला एक पत्र्याच्या डब्यात मावेल एवढे कार्ड घ्यावे आणि ओटीवर मांडून पाहावे. घरात मांजर असेल तर कार्डांना क्रमांक घालावेत.

खर्डा लिहायला ट्वाइन हे साधन सोपे आहे. ख्रिस क्लिमस यांनी ते २००९ मध्ये आणले आणि ते मोफत आहे. त्यात प्रत्येक प्रसंग एका चौकटीत लिहायचा आणि दुहेरी चौकोनी कंसात दुवा द्यायचा, की दोन चौकटींच्या मधे बाण आपोआप उमटतो. उदाहरणार्थ [[जुळली, आबा.->जेवण]] असे लिहिले, तर वाचकाला ‘जुळली, आबा.’ एवढेच दिसते आणि दाबल्यावर ‘जेवण’ नावाची चौकट उघडते. नावे देवनागरीत ठेवता येतात. ब्राउझरमध्ये ट्वाइन वापरताना कथा त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहते, हे ध्यानात ठेवून रोज तिची प्रत फाइल म्हणून उतरवून घ्यावी. ब्राउझर स्वच्छ करण्याच्या उत्साहात मी एकदा माझी अडीच प्रकरणे स्वतःच्या हाताने पुसलेली आहेत.

चित्रे, आवाज आणि पात्रांच्या आकृत्या घालून पूर्ण कृती करायला रेनपाय वापरावे. टॉम रोथॅमेल यांनी २००४ पासून विकसित केलेले हे साधन पायथन या संगणकीय भाषेवर उभे आहे, मोफत आहे आणि त्यातून विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड तसेच ब्राउझरसाठी कृती तयार करता येते. सुरुवातीला चारच आज्ञा पुरतात: ‘लेबल’ने प्रसंगाला नाव मिळते, ‘मेनू’ने पर्याय मांडले जातात, ‘जंप’ने दुसऱ्या प्रसंगात उडी घेता येते आणि ‘डिफॉल्ट’ने नोंद जाहीर होते. प्रत्यक्ष फाइलीत या आज्ञा रोमन लिपीत लिहायच्या असतात. संवाद देवनागरीत लिहिता येतात. ओळींच्या आधीची मोकळी जागा इथे अर्थपूर्ण असते, ती चार-चार स्पेसची ठेवावी आणि टॅब वापरू नये. नोंदी ‘डिफाइन’ने जाहीर करण्याची चूक सर्रास होते. ‘डिफाइन’ न बदलणाऱ्या गोष्टींसाठी असते, आणि वाचकाने मधेच थांबून कृती जतन केली तर बदलत्या नोंदी नीट जपल्या जाण्यासाठी ‘डिफॉल्ट’च लागते. ‘लिंट’ नावाची तपासणी अधूनमधून चालवावी. ती तुटलेल्या उड्या दाखवते आणि शब्दसंख्याही सांगते.

देवनागरीसाठी दोन गोष्टी कराव्या लागतात. रेनपायच्या मूळ फाँटमध्ये आपली लिपी नाही, म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा खुल्या परवान्याचा फाँट कृतीच्या फोल्डरमध्ये ठेवून तो नेमून द्यावा. साधनाची आवृत्ती अलीकडची घ्यावी, कारण जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी विसकटते. काम सुरू करण्यापूर्वी ‘क्षितिजावर विद्युल्लता’ असा काहीतरी जोडाक्षरांनी भरलेला मजकूर चौकटीत उमटवून पाहावा. ओळींमधले अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

चित्रे आणि आवाज

इथे थोडक्यात आटोपते. पार्श्वभूमीची चित्रे सहाच्या वर नेऊ नयेत. तीच पडवी पहाटेच्या, दुपारच्या आणि कंदिलाच्या उजेडात तीन प्रसंगांना पुरते. प्रत्येक पात्राच्या चेहऱ्याचे चार भाव बस्स आहेत, त्यांतला एक ‘ऐकतो आहे’ असा असावा, कारण पात्रे बोलतात त्यापेक्षा जास्त वेळ ऐकत असतात. जेटीवर किंवा लिलावाच्या जागी छायाचित्रे घ्यायची तर माणसांना विचारून घ्यावीत, आणि लिलाव चालू असताना विचारू नये. समुद्राची गाज फोनवर ध्वनिमुद्रित करता येते. वाऱ्याचा फडफडाट येऊ नये म्हणून फोनवर रुमाल दुमडून धरावा आणि वारा अडेल अशा जागी, होडीच्या आडोशाला बसावे.

वाचून घेणे

खर्डा पूर्ण झाला की आधी स्वतः प्रत्येक वाट मोठ्याने वाचावी. संवाद जिथे जिभेवर अडतो तिथे तो बहुतेक वेळा पात्राचा नसतो, आपला असतो. त्यानंतर तीन माणसांना वाचायला द्यावे: एक असा प्रकार कधीच न वाचलेला, एक पुष्कळ वाचणारा, आणि एक कथेतल्या कामाची माहिती असलेला. ते वाचत असताना शेजारी बसावे, पण काहीही समजावून सांगू नये. त्यांनी कोणता पर्याय निवडला यापेक्षा कोणत्या पर्यायापाशी ते किती वेळ थांबले हे लिहून घ्यावे. चारांपैकी एका पर्यायाकडे कोणीच पाहिले नाही तर तो पर्याय सजावटीचा आहे; सगळ्यांनी विचार न करता एकच दाबला तर बाकीचे तीन सजावटीचे आहेत.

मी नंदाची कथा प्रथम माझ्या शेजारच्या काकींना दिली, ज्यांनी आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावरून वाहिलेली आहे. पडवीच्या प्रसंगात त्यांचे बोट ‘जुळली, आबा’वर गेले, मग चहावर आले, आणि तिथेच थांबून त्यांनी मला विचारले, ‘पण घरात दूध असा काय?’ मी हसले, पण त्या गंभीर होत्या. बंदीचे दिवस, हातात पैसा नाही, आणि नंदा उठून चहा करायला जाते म्हणजे तिने दुधाचा विचार आधीच केलेला असणार. त्या रात्री मी चौथा पर्याय ‘काही न बोलता कोरा चहा आणायला उठणे’ असा केला, जेवणाच्या प्रसंगात दूध घेऊन येणाऱ्या बाबलकाकांची एक ओळ वाढवली, नोंदवहीत त्याप्रमाणे एक रकाना भरला, आणि चारही वाटा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.